सरूच्या मनात वारं भरलं

डोंबिवली पूर्व,
१९ जानेवारी २०२५

ती. दादा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार घालायची आपली पद्धत. पण गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून मला साधी मांडी घालून बसता येत नाही, तेव्हा उभ्यानं केलेला नमस्कार गोड मानून घे. पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडताच बाजूला टाकायचा विचार असेल तर जरा थांब. आत भांडण नाही.

खरं म्हणजे फोनच करणार होते. खटपट करून सान्वीचा नंबर मिळवला. तुझी लेक गोड बोलते रे, तुझ्यावर गेलेली नाही. ती म्हणाली, "आत्या, पप्पांना फोनवर काहीच कळत नाही. कानात मशीन आहे, पण फोन जवळ नेला की ते नुसतं शिट्ट्या मारतं. मोबाइलवर लिहिलेलं ते बघत पण नाहीत. तुम्ही कागदावर लिहा ना, वाचतील ते." कारखान्यात जन्मभर प्रेस मशीनच्या शेजारी उभा राहिलास, कान जाणारच होते. मला मात्र कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण? आपल्या दोघांमध्ये निरोप पोचवणारी माणसं एकेक करून कंटाळली.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली कामाची. माझ्या प्राचीचं लग्न ठरलं. मुलगा सर्वेश, घोडबंदर रोडला राहतो, दोघं एकाच ऑफिसात आहेत. सत्तावीस एप्रिल, रविवार, हॉल इथला डोंबिवलीचाच घेतलाय. हे गेल्याला चार वर्षं झाली, त्यामुळे कन्यादान माझे दीर-जाऊ करतील. पण मुलीला बोहल्यावर आणायला मामा लागतो, आणि तिला मामा एकच आहे. तिनं तुला बघितलंय ते आईच्या दहाव्याला, तेही लांबून. तेव्हा अकरा वर्षांची होती. "आई, ते चेक्सच्या शर्टवाले काका कोण?" असं तिनं मला विचारलेलं. मामाला काका म्हणाली पोर, आणि मला तिला दुरुस्त करायला सुचलं नाही.

मामाकडची पिवळी साडी, मुलीला हाताला धरून आणणं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहणं, एवढंच काम आहे. बोलावं लागत नाही त्यात. माझ्याशी तर अजिबातच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रतन कोपरीकर गेला. मागच्या सोमवारी, कल्याणला, झोपेतच. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. 'नव्वदच्या दशकातील मराठी पॉप गायक' असं लिहिलंय आणि फोटो भलत्याच माणसाचा छापलाय. तू त्याला विसरला नसशील. त्याच्या एका गाण्यापायी तू माझ्याशी तीस वर्षं बोलला नाहीस, तेव्हा मला विसरलास तरी त्याला विसरायचा नाहीस.

मला काही वाटलं नाही. बातमी वाचता वाचता दूध उतू गेलं, पण ते गॅस मोठा राहिला म्हणून. माणूस गेला, आता त्याचा राग धरून ठेवायचं तुला काही कारण उरलेलं नाही, एवढंच सुचवायचं होतं.

कांता वहिनींना नमस्कार सांग.

सरोज


डोंबिवली पूर्व,
१ फेब्रुवारी

ती. दादा,

पत्र पोचलं, हे मला माहीत आहे. सान्वीला विचारलं. "वाचलं पप्पांनी. परत वाचलं. मग घडी घालून चष्म्याच्या केसमध्ये ठेवून दिलं," म्हणाली. काही बोलले का, तर नाही. नदीवर फिरायला गेले म्हणे. खडवलीला जाऊन एक बरं केलंस, राग आला की चालत जायला नदी तरी आहे. मला इथं राग आला तर गच्चीवर जायचं, आणि तिथं सोसायटीच्या सेक्रेटरीचे पापड वाळत असतात.

काल सर्वेशच्या आईंचा फोन होता. याद्या झाल्या, मानपान झालं, आणि मग सहज म्हणून विचारलं, "मुलीचे मामा कुठे असतात?" मी म्हटलं, खडवलीला, घर बांधलंय, निवृत्त झालेत. सगळं खरं तेच सांगितलं. येणार का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. प्राची शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "अगं, एवढं काय टेन्शन घेतेस? मामा नाही आला तर तू आण मला. कोण नाय म्हणतंय?" तिच्या पिढीला सगळं सोपं असतं. मला ते नको आहे. माझ्या लग्नात तू नव्हतास. नवरदेवाचा कान पिळायला भाऊ लागतो, तो ऐनवेळी एका चुलतभावाला धरून आणून पिळून घेतला. नवऱ्याचा कान पिळायचा सोडून तू स्वतःचेच घालवून बसलास.

तुला आठवत असेल, पंच्याण्णव सालचे गणपती. कोपरीला आपल्या चाळीत आणि समोरच्या चाळीत मिळून एक टेपरेकॉर्डर चांगला होता, आणि त्याच्यावर रात्रंदिवस समोरच्याच चाळीतल्या रतनची कॅसेट. आपल्यातला पोरगा स्टार झाला म्हणून सगळे वेडे झालेले. कव्हरवर तो खाडीकडे तोंड करून उभा, खांद्यापर्यंत केस, डेनिमचं जाकीट आणि हातात गिटार. ती त्याला वाजवता येत नव्हती. फोटो काढताना उलटी धरलेली, मंडळाच्या बेंजोवाल्यानं सरळ करून दिली. आणि कव्हरवर मोठ्या अक्षरात गाण्याचं नाव, 'सरूच्या मनात'.

*सरूच्या मनात वारं भरलं, सांज झाली गं,*
*गेलेली होडी येईना माघारी, रात झाली गं.*

होडीचा कुणी विचार केला नाही. प्रेमाच्या गाण्यात होडी असतेच. सरू कोण, एवढाच प्रश्न होता, आणि आख्ख्या कोपरीत सरू एकच होती. मी नळावर गेले की पोरं पहिली ओळ म्हणायची. वासराच्या कानात वारं भरतं, पोरीच्या मनात भरलं की काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक. मग कारखान्यात कुणीतरी तुझ्यासमोर ते म्हटलं. तू डबा तसाच घेऊन परत आलास आणि आई-बाबांच्या देखत मला विचारलंस, "खरं सांग. गाणं तुझ्यावर आहे?"

मी गप्प बसले. घाबरले होते रे. तू तेव्हा केवढा दिसायचास.

तू सरळ मंडळाच्या मांडवात गेलास आणि तालीम चालू असताना सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिलीस. त्या रात्री तो सुजलेल्या ओठानं गायला. चार महिन्यांत माझं लग्न लागलं. ह्यांना ते गाणं लग्नानंतर महिन्याभरातच कळलं. हात कधी उगारला नाही, खोटं कशाला बोलू. पण घरात टेपरेकॉर्डर येऊ दिला नाही, आणि भांडण झालं की ताटावरून उठताना हे तीच ओळ गुणगुणायचे. फक्त पहिली.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण तुझ्या बाजूनं तुला थोबाडीत मारण्यापर्यंतचंच माहीत आहे. लग्नाचं कळव. नाही म्हणायचं असेल तर तेही कळव.

सरोज


डोंबिवली पूर्व,
१७ फेब्रुवारी

ती. दादा,

काल मी कोपरीला गेले होते. प्राचीला सांगितलं की ठाण्याला ब्लाऊज टाकायला चाललेय. रतनची शोकसभा होती, एका शाळेच्या सभागृहात. का गेले ते विचारू नकोस. पेपरात वेळ दिली होती, आणि माझ्याकडे वेळ होता.

आपली चाळ आता नाही. तिथं पत्रे लावलेत आणि आत खड्डा आहे. समोरची चाळ आहे अजून, पण निम्म्या खोल्यांना कुलपं. सभागृहात साठ-सत्तर माणसं असतील, सगळी पिकलेली. स्टेजवर रतनचा फोटो, या वेळी त्याचाच. केस गेलेले, चष्मा, कुठल्याही बँकेत दिसेल असा माणूस. मी मागच्या खुर्चीत बसले. मला वाटलं कोण ओळखतंय. पण बेंजोवाल्यानं ओळखलं. हातात काठी घेऊन माझ्यापर्यंत आला आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे, ही बघा, सरू आली! पुढं चल, पुढं बस." माना वळल्या. बायका माझ्याकडे बघून हसल्या, वाईट हसल्या नाहीत, कौतुकानं हसल्या. मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. एकजण तर म्हणाला, दोन शब्द बोला.

दादा, मला लाज वाटायला हवी होती. मी पदर सारखा करत होते.

मग रतनची बायको बोलायला उठली. मैथिली नाव. कल्याणला शाळेत शिकवायच्या, अगदी साध्या बाई. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, आजारपणाचं सांगितलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण ते गेलेत, आता तरी खरं सांगायला हवं. ते गाणं सरूच्या मनात असं नाहीच. सुरूच्या बनात असं आहे."

सुरूचं बन, दादा. झाडं. समुद्रकाठी असतात ती उंच, वाऱ्यानं आवाज करणारी. अलिबागच्या बाजूला त्याचं गाव, तिथं किनाऱ्याला सुरूचं बन होतं. त्याचे वडील मासेमारीच्या होडीवर गेले आणि आले नाहीत. हा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्या बनात उभा राहून वाट बघायचा. त्यानंतर आईनं त्याला कोपरीला भावाकडे आणलं. मोठेपणी त्यानं त्याचं गाणं केलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याला सर्दी होती, नाक चोंदलेलं. सर्दीत मचा ब होतो, म्हणून ऐकणाऱ्यानं बनचं मन करून घेतलं आणि सुरूचं सरू. कव्हर लिहिणाऱ्यानं जसं ऐकलं तसं लिहून टाकलं. ह्याला कळेपर्यंत सगळा माल छापून झालेला. कंपनीवाला म्हणाला, झाडावरचं गाणं कोण विकत घेतं, पोरीवरचं आहे म्हणून चाललंय, चालू दे.

मैथिलीताईंनी मोबाइलवर एक रेकॉर्डिंग लावलं. वडिलांच्या तिथीला तो दरवर्षी घरात ते म्हणायचा, त्यातलं एक. माइकसमोर फोन धरला. वाद्य काही नाही, म्हातारा आवाज आणि मागं कुकरची शिट्टी. पण शब्द स्वच्छ होते. *सुरूच्या बनात वारं भरलं, सांज झाली गं. गेलेली होडी येईना माघारी.* तीस वर्षं आपण सगळ्यांनी ती होडी ऐकली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही की हे पोर बापाची वाट बघतंय.

सभागृहात लोक 'अरेच्चा!' म्हणाले. कुणीतरी हसलंसुद्धा, शोकसभा विसरून. बेंजोवाला माझ्याकडे बघेना. मग माणसं पांगली तेव्हा मी मैथिलीताईंना विचारलं, रतननं तेव्हाच का नाही सांगितलं सगळ्यांना? त्या म्हणाल्या, "त्यांना कुणी विचारलंच नाही हो. आधी थोबाडीत बसली."

तर असं आहे, दादा. माझं नाव त्या गाण्यात कधीच नव्हतं. तू झाडावरून भांडलास माझ्याशी. तुला हवा होता तो पुरावा हा घे. तुला ऐकू येत नाही म्हणून शब्दन् शब्द लिहून पाठवते आहे. आता तरी ये.

सरोज


डोंबिवली पूर्व,
९ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, बाबांसारखं व्हायला लागलंय. 'तुझे पत्र मिळाले. म्हणजे तुझी काही चूक नव्हती. हे तेव्हाच सांगितले असतेस तर एवढे झाले नसते. मी २७ला येतो. महेंद्र.'

दादा नाही, महेंद्र. जणू पोस्टमनला सही दिलीस.

प्राचीला वाचून दाखवलं. तिनं टाळी वाजवली. "बघ! आला की नाय मामा लाइनीवर!" मीही हसले. मग स्वयंपाकघरात गेले आणि मला काही करता येईना. कणीक तशीच राहिली. दोन दिवस मी तुझी ती दुसरी ओळ मनात घोळवतेय. म्हणजे तुझी काही चूक नव्हती.

मी मागं तुला लिहिलं होतं, तू विचारलंस तेव्हा मी घाबरून गप्प बसले. ते खोटं आहे. मी घाबरले नव्हते. तू विचारलंस, गाणं तुझ्यावर आहे का, आणि मला इतका आनंद झाला की तोंडातून शब्द फुटेना. कारण घरातल्या माणसालाही तसं वाटलं, म्हणजे ते खरंच असणार. 'नाही' म्हणायला एक शब्द पुरला असता. तो मला म्हणायचा नव्हता.

आमच्यात काय होतं ते सांगू? मंडळाच्या कार्यक्रमात मी त्याच्या मागं कोरसला उभी राहायचे. एकदा तालीम संपल्यावर तो मला म्हणाला, "सरोज, तुझा आवाज बरा आहे, पण तू शब्द खातेस." बस. आयुष्यात तो माझ्याशी एवढंच बोलला. आणि बघ, सरोज म्हणाला. सरू मला तुम्ही घरातले म्हणायचात आणि तुमचं ऐकून चाळ म्हणायची. त्यानं मला कधी सरू म्हटलंच नव्हतं. तेवढ्यावरून कळायला हवं होतं. पण कळून घ्यायचं कुणाला होतं?

ते गाणं माझं होतं, दादा. तुम्ही मला घाईघाईनं एका परक्या माणसाच्या घरी पोचवलंत. तिथं पाणी सकाळी एक तास यायचं आणि सासूबाई दिवसभर बोलायच्या, त्या सगळ्यात माझ्यापाशी तेवढं एक होतं. हे ती ओळ टोमणा म्हणून म्हणायचे. मी मान खाली घालून ताट उचलायचे आणि आतून मला बरं वाटायचं. चाळीतल्या दुसऱ्या कुठल्या पोरीवर कुणी गाणं केलं होतं? रस्त्यानं जाताना रिक्षात ते लागलेलं असायचं, हळदीला लागायचं, आणि मी भाजीची पिशवी घेऊन उभी राहायचे, ते संपेपर्यंत. ही माझी चूक म्हणून सांगत नाहीये. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

रतन जानेवारीत गेला. माझ्यासाठी तो त्या सभागृहात गेला, मैथिलीताईंनी मोबाइल माइकला लावला तेव्हा. आणि घरी येऊन मी तुला ते विजयाच्या बातमीसारखं लिहून पाठवलं, प्राचीला मामा मिळावा म्हणून. माझं होतं-नव्हतं ते तुझ्यासमोर ठेवलं आणि तू त्यावर लिहिलंस, तुझी काही चूक नव्हती.

झाड होतं म्हणून तू मला माफ केलंस. आणि झाड नसतं तर? खरंच एखाद्या पोरानं माझ्यावर गाणं केलं असतं तर प्राची मामाविना राहिली असती?

मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या मनात वारं भरलेलं होतं. गाणं चुकीचं छापलं, पण ऐकणाऱ्यांनी बरोबर ऐकलं. ती मुलगी तुझी बहीण होती. झाडाच्या भरवशावर येणार असशील तर येऊ नकोस. तिचा भाऊ म्हणून यायचं असेल तर ये. नाही आलास तर मी आणीन प्राचीला बोहल्यावर, तीच म्हणाली तसं.

हे पत्र पेटीत टाकल्यावर मला वाईट वाटणार आहे, हे मला आत्ताच माहीत आहे. तरी टाकणार.

सरोज


डोंबिवली पूर्व,
३० एप्रिल

ती. दादा,

घरात कुणी नाही. प्राची घोडबंदरला गेली, सासरी. हॉलवरून आणलेले लाडू डब्यात आहेत आणि ते खायला मी एकटी. मांडवात तुझ्या कानात मशीन नव्हतं, त्यामुळे तिथं काय काय झालं ते तुला कळलं नसणार. म्हणून लिहिते.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. माझ्या त्या पत्रानंतर तुझ्याकडून चकार शब्द नाही, आणि सान्वीला विचारायचं धाडस मला झालं नाही. सकाळी कांता वहिनी प्राचीच्या खोलीत साडी घेऊन आल्या तेव्हा कळलं की तू आलायस. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचं ते शेवटचं पत्र आलं ना, तर दोन दिवस जेवले नाहीत धड. मग आणून ठेवलेली साडी उचलली आणि निघाले. आधी साधी कॉटनची आणलेली. ती परत करून ही सिल्कची आणली. मला विचारलं पण नाही, एकटेच गेलेले कल्याणला." पिवळी जर्द साडी, दादा. प्राचीला काय खुलली.

तू पहिल्या रांगेत बसलेलास, इस्त्रीचा शर्ट घालून. मी तुझ्याकडे बघितलं नाही. अंतरपाट धरला, सर्वेश उभा राहिला आणि गुरुजींनी माइकवर हाक दिली, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." तू बसून राहिलास. त्यांनी पुन्हा हाक दिली, "मुलीच्या मामांनी लवकर यावं, मुहूर्ताची वेळ होतेय." तू समोर बघत बसून. माना वळायला लागल्या. माझी जाऊ म्हणाली, "मग आलेत कशाला?" सर्वेशच्या आई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, हेच तुझं उत्तर. इथपर्यंत यायचं आणि सगळ्यांसमोर उठायचं नाही. थोबाडीत द्यायची तुझी ही दुसरी पद्धत.

मी प्राचीला आणायला म्हणून निघाले. तुझ्या समोरून जाताना माझं लक्ष तुझ्या कानाकडे गेलं. कान रिकामा होता. वहिनी मागून सांगत होत्या, लाउडस्पीकरनं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून काढून खिशात ठेवलंय. तू ऐकलंच नव्हतंस काही. मी तुझ्या खांद्याला हात लावला. मी तुला शिवले, दादा, तीस वर्षांनी. तू दचकून वर बघितलंस आणि मी खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. तू इतक्या घाईनं उठलास की खुर्ची पडली. शाळेत उशीर झाल्यावर उठायचास तसा. आणि प्राचीचा हात धरून तू आलास तेव्हा तुझी मान ताठ होती, आणि ती तुझ्या कानाशी काहीतरी बोलत होती, आणि तू नुसता हो हो करत होतास. तिला मी नंतर विचारलं, काय म्हणालीस? तर म्हणाली, "मी म्हटलं, मामा, हळू चाल ना, साडी अडकतेय."

जेवणाच्या वेळी सर्वेशच्या मित्रांनी स्पीकरवर गाणी लावली. रतन गेल्यापासून त्याचं ते गाणं पोरांच्या मोबाइलवर पुन्हा फिरतंय म्हणे. तेच लागलं. जुनी कॅसेटवालीच आवृत्ती. आपली कोपरीची जी चार-पाच माणसं आलेली, ती ताटं सोडून उभी राहिली आणि टाळ्या वाजवत ओरडायला लागली, सरूच्या मनात, सरूच्या मनात. माझ्या हातात जिलेबीचं ताट होतं. मला एकदम मैथिलीताई आठवल्या, आणि सुरूच्या बनात उभा असलेला तो आठ वर्षांचा मुलगा. त्याचा बाप बुडाला आणि आम्ही त्यावर जिलेब्या वाढतोय. बंद करा म्हणावंसं वाटलं. आणि दुसरं मन म्हणत होतं, वाजू दे, आजचा दिवस वाजू दे. मी काहीच केलं नाही.

तू सर्वेशच्या वडिलांच्या शेजारी जेवत होतास. सगळे का उभे राहिले ते तुला कळेना. वहिनींनी तुझ्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तू चमचा खाली ठेवलास. आणि मग तू बोललास. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो किती मोठ्यानं बोलतो ते त्याला कळत नाही. गाण्याच्याही वर तुझा आवाज चढला, सगळ्या हॉलनं ऐकला.

"आमच्या सरूचं गाणं आहे हे!"

सर्वेशचे वडील म्हणाले, असं का? तुला ते ऐकू आलं नाही, पण तू पुढं म्हणालासच, "आमच्या सरूवर केलेलं. माझी बहीण."

पंच्याण्णव साली मला नेमकं एवढंच हवं होतं, दादा. तेव्हा मिळालं असतं तर मी तुझ्या पाया पडले असते. आता ते खरं नाही, हे तुला माहीत, मला माहीत, आणि ज्यानं ते केलं तो गेला. मी ताट ठेवून तुझ्यापाशी आले. खोट्याच्या आधारावर तुझं देणं मला घ्यायचं नव्हतं. मी तुझ्यासमोर वाकले आणि सावकाश म्हटलं, "सुरू, दादा. सुरू."

तू माझ्या ओठांकडे नीट बघितलंस. मग मान हलवलीस.

"हो," म्हणालास, "सरू."

तुझी,
सरू